आत्या राहू दे म्हणाली ते

३ मे, शुक्रवार

शाळेला सुट्टी लागून तीन दिवस झाले आणि मी एकही दुपार झोपलेली नाही. शाळेच्या ऑफिसातली ही कोरी डायरी घरी आणली ती याचसाठी, की तोंडाने बोलता येत नाही ते कुठेतरी टाकता यावं. अनिल वाचणार नाही. तो लाइटचं बिलसुद्धा वाचत नाही.

उद्यापासून धोंडीबाईंचं, म्हणजे अनिलच्या आत्याचं घर आवरायचं आहे. डोळखांबच्या पुढे डोंगराला चिकटून त्यांचा पाडा आहे. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हा आत्या भावाकडे परत आली. पुढे माझ्या सासूबाई वारल्या आणि अनिल-अपेक्षाला तिनेच वाढवलं. या माघात ओट्यावरून पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून आमच्याकडे कल्याणला, हॉलमध्ये. दोन खोल्या आणि माणसं तीन. मी तिचं सगळं केलं. कुरकुर केली, तीही खरी.

डॉक्टर म्हणतात एकटं ठेवू नका. भावाबहिणीने ठरवलं की आत्या आता कायमची आमच्याकडे. मलाही विचारलं, पण ज्या आवाजात विचारलं त्यात ‘नाही’ला जागा नव्हती. बंद घर वाळवी खाईल, म्हणून पावसाआधी सामान काढायचं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “हा. पाऊस लागंपावत हाय मी तुमच्याकडं.” म्हातारी माणसं असं काहीतरी बोलतातच. मी यादी केली आहे. तीन फेऱ्यांत घर रिकामं.

४ मे, शनिवार

यादी फाडून टाकावीशी वाटते आहे.

सहाला निघालो. अनिलच्या मित्राची इको, पुढे आत्या, मागे मी आणि रिकामी पोती. साडेसातला मुरबाडला अपेक्षाच्या दारात, तर बाईसाहेबांची अंघोळ व्हायची होती. मग तिला मिसळ हवी होती. माझी नणंद चांगली आहे, पण तिच्याबरोबर कुठे वेळेत पोचायचं म्हणजे आदल्या दिवशी निघायला हवं.

सरळगाव, किन्हवली करत पाड्याजवळ आलो तर शेतांमध्ये जागोजागी काळे चौकोन, दोन ठिकाणी धूर. खिडक्या बंद करून उकाड्यात बसलो. आत्या मात्र काच खाली करून बघत होती आणि बोटांवर मोजत होती, “पंढरीचा झाला. शामचा झाला.” मी विचारलं काय झालं, तर अनिल म्हणाला, “काही नाही गं, शेतं.”

घरात काय आहे? सगळं आहे. तळ गेलेल्या तीन कळशा. दोरीने बांधलेलं सूप. प्लास्टिकच्या बरण्यांचे दोन डोंगर. औषध फवारायचा गंजलेला पंप, जो कोणी कधी वापरला कोणालाच आठवत नाही. मी वस्तू उचलून विचारायचं आणि आत्याने म्हणायचं, “राहू दे.” कळशी? राहू दे. पंप? राहू दे. उंदराने कुरतडलेली घोंगडी? राहू दे. अपेक्षा प्रत्येक वस्तू हातात घेऊन रडत होती आणि एकही नेत नव्हती. अनिल बाहेर बुधूशी गप्पा मारत होता. बुधू म्हणजे शेजारी. तो आणि त्याची बायको जना आत्याच्या घराकडे बघतात.

संध्याकाळी गाडीत काय आलं, तर एक खाट आणि दोन पितळी हंडे. त्यासाठी दीडशे किलोमीटर.

५ मे, रविवार

पाठ धरली. आत्याने मला तेल गरम करून दिलं. काठी टेकत गॅसपाशी उभी राहिली. मला ओशाळं वाटलं, आणि ओशाळं वाटल्याचा राग आला.

११ मे, शनिवार

दुसरी फेरी. भांडी निम्मी निघाली. देव्हारा काढला. त्याला आत्या काही बोलली नाही, उलट स्वतःच फडक्यात देव बांधून दिले. म्हणजे बाई खरंच यायला तयार आहे, असं मी मनात म्हटलं. आणि मग दोन गोष्टींवर अडून बसली.

एक, आतल्या खोलीतली शेणाने लिंपलेली लहान कणगी. त्यात भाताचं बी आहे. “तिला हात नको लावूस गो.” ठीक.

दुसरी, परसातला ढीग. कमरेएवढा, खाटेएवढा लांब. वाळक्या फांद्या, त्यावर शेण, त्यावर पाला, वर माती टाकून दाबलेली. चिलटं, मुंग्या, खालून काय काय निघेल देव जाणे. म्हटलं, घर सोडून जाताना परस असं उकिरड्यासारखं ठेवायचं का? माझ्या माहेरी खाडीकाठी, भिवंडीकडे, घर सोडताना अंगण लखलखीत करून जातात. आत्या म्हणाली, “परसातलं राहू दे.” आज तिने किती वेळा ‘राहू दे’ म्हटलं ते मी मोजलं. एकोणचाळीस. हे चाळिसावं.

१८ मे, शनिवार

आज मी जिंकले. असं लिहायला हरकत नाही.

सकाळी कपाट उतरवून अनिल आणि अपेक्षा ते तिच्याकडे मुरबाडला टाकायला गेले. आत्याला जनाने चहाला नेलं. मी एकटी. केरसुणी घेऊन परसात गेले, ढिगाशेजारून झाडायला लागले, तर ढिगातून बोटभर विंचू निघाला. बस्स. पाण्याने भरलेला हंडा जवळ ठेवला, चिमणीतलं उरलेलं रॉकेल ओतलं आणि काडी लावली. ढीग घरापासून लांब होता, वारा नव्हता. अडीच तास धुमसला. मग राख टोपल्यांनी भरून कुंपणापलीकडे टाकली, पाणी शिंपडलं, पुन्हा झाडलं. इतकं नीट परस त्या घराने कधी पाहिलं नसेल.

आत्या काठी टेकत आली आणि मागच्या दारात थांबली. जनाही मागे होती. ती तोंडावर पदर धरून तशीच परत गेली, धूर सहन झाला नसेल.

“समदं जळलं?” आत्याने विचारलं.

“हो आत्या. विंचू होता बघा केवढा.”

तिने काठीने ओली जमीन टोकरली. मग म्हणाली, “बरं झालं. साफ झालं.”

आणि त्यानंतर चमत्कार. जातं दाखवलं, तर म्हणाली ने. घोंगडी? टाक. सूप? जनाला दे. बरण्या, दोऱ्या, कळशा, पंप, सगळ्याला एकच उत्तर. ओट्यावर बसून नुसती मान हलवत होती. मी शेवटी घाबरत कणगीचं विचारलं. “बी पन ने,” म्हणाली. “गिरणीत भरडून आण. भात करून खा.” दोन फेऱ्यांत झालं नाही ते एका दुपारी झालं. माणसाला एकदा कुणीतरी ठामपणे हात घालून दाखवावा लागतो, एवढंच.

पाचला अनिल आला. परसात गेला. “कोणी पेटवलं?”

“मी.”

तो उकिडवा बसला, जमिनीवरची उरलेली राख चिमटीत घेतली, सोडली. अपेक्षाने काही बोलायला तोंड उघडलं तर तिला म्हणाला, “कपाटाच्या चाव्या कुठायत?” एवढं राबले, शाबासकी जाऊ द्या, कोणी पाणी घे म्हणालं नाही. येताना मुरबाडच्या गिरणीत लाइट नव्हती, म्हणून बियाचं पोतं तसंच कल्याणला आलं.

२३ मे, गुरुवार

आत्या फार चांगली वागते आहे. सकाळी अंथरुणाची घडी करून कोपऱ्यात बसते. टीव्ही लावला तर बघते, बंद केला तर भिंत बघते. आधी रोज दुपारी जनाला फोन लावून द्यायला सांगायची आणि अर्धा तास ओरडून बोलायची. आता फोन मागत नाही. अर्धी भाकरी खाते. मी म्हटलं, रमल्या बाई एकदाच्या. अनिल जेवता जेवता उठून गेला. या माणसाला हल्ली काय झालंय कळत नाही. आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलतो.

२५ मे, शनिवार

शेवटची फेरी होती. मी आणि अनिल. तो कौलं बघायला बुधूबरोबर वर चढला, मी हातपंपावर हात धुवायला गेले. तिथे जना भांडी घासत होती. नेहमी वैनी वैनी करणारी, आज मान वर करेना. मी विचारलं, राग आला का कशाचा?

“राग कसला वैनी. तुमाला ठावं नसंल.” मग घासणं थांबवून म्हणाली, “तो राब व्हता.”

मी म्हटलं, राब म्हणजे?

तिला वाटलं मी थट्टा करते. मग तिने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. पूस-माघात झाडांच्या फांद्या तोडायच्या, ती कवळं. ती वाळवायची, शेण-पाल्यात रचायची. वैशाखात सगळं शेतातल्या वाफ्यावर पसरून जाळायचं. त्या भाजलेल्या मातीत बी पेरलं की तण येत नाही, रोप जोमाने येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही. ते काळे चौकोन. पंढरीचा झाला, शामचा झाला.

“तुमी जाळला त्याच्या पुढच्या सोमवारी बुधू वाफ्यावर वाहून नेनार व्हता. धोंडीआत्याचं आन त्याचं ठरलंवतं. पाऊस लागला का ती येनार व्हती पेरायला. आमी दिला असता आमच्यातला, पन आमचे समद्यांचे भाजून झाले.”

“मला सांगायचं ना.”

“आत्या म्हनली नको सांगू. तिला वाईट वाटंल.” जनाने कळशी पालथी घातली. “कवळं तिनंच तोडली, येकटीनं. शेवटच्या भाऱ्याला ऐनावर चढली या वयात.”

“झाडावर?”

“मंग ती पडली कुठनं, वैनी?”

मी ओट्यावरून म्हणणार होते. म्हटलं नाही.

२६ मे, रविवार

अनिलशी भांडले. शेजारच्या ताईंनी दार वाजवलं इतकी.

तुला माहीत होतं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, बोलून काय होणार होतं, जळलं ते जळलं. मी म्हटलं, आठवडाभर मी कॉलर ताठ करून फिरतेय आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघताय. तर म्हणाला, “खरं सांगू? मला वाटलं बरंच झालं. आता ती परत जायचं म्हणणार नाही.”

मी त्याला नको ते बोलले. तेच माझ्याही मनात काल गाडीत येऊन गेलं होतं, म्हणून जास्तच बोलले.

मला शेतीतलं कळत नाही असं नाही. आमची खाडीकाठची खाजणं, म्हणजे खारी भातशेतं होती. तिथे राब लागत नाही. बी भिजवून मोड आणायचे आणि चिखलात फेकायचं. बाबांच्या हाताला तो झोक होता. मग सगळ्या जमिनीवर भराव पडला, गोदामं झाली. त्यानंतरच्या जूनमध्ये बाबा पहाटे उठायचे, जुना सदरा घालायचे, आणि ओट्यावर बसायचे. जायला कुठेच नसायचं. आई त्यांना दळण आणायला पाठवायची, उगाच. मी तेव्हा बारावीत होते आणि मला त्यांची लाज वाटायची.

आत्या हॉलमध्ये तशीच बसते.

२९ मे, बुधवार

आज तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं, आत्या, मोड आणून पेरू. आमच्याकडे असंच करतात. वाफा तुमचा, बी तुमचं, मेहनत माझी.

“आमच्यात नाय करत.”

का नाही?

“तण माजंल.”

मी काढीन. शनिवार-रविवार येईन.

“राहू दे गो. आता कशाला. जागा हाय ना हितं मला.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर? एक शिवी तरी द्यावी तिने. मी केलं त्याचं काहीच मोल नसल्यासारखी ती माझ्याशी गोड बोलते आणि मी रात्रंदिवस धुमसते.

१२ जून, बुधवार

बुधूचा फोन आला, वाफ्यात पाणी साचायला लागलंय. मी कोणाला न विचारता पोतं सोडलं आणि अंघोळीच्या दोन मोठ्या टपांत बी भिजवलं. अनिल म्हणाला, “बी तिचं आहे. तिने नको म्हटलंय. आधी न विचारता जाळलंस, आता न विचारता पेरतेस.” वर्मी लागलं. मी त्याला उद्या अंघोळीला मित्राकडे जा म्हटलं.

१३ जून, गुरुवार

सकाळी काठीचा आवाज आला. आत्या बाथरूमच्या दारात उभी. तिने भिंतीला धरत वाकून टपात हात घातला, ढवळला.

“वर तरंगतंय ते काढ,” म्हणाली. “पोचट हाय.”

काढलं. पाणी ओतून बी पोत्यात बांधलं, वर पाटा ठेवला. आत्या दिवसभरात चार वेळा पोत्याला हात लावून गेली. ऊब बघत होती.

१५ जून, शनिवार

बुधूने वाफ्यात बैल घालून चिखल केला होता. पाच-सहा माणसं बांधावर तमाशा बघायला उभी. “वैनी, आमी असं कदी केलं नाय,” बुधू म्हणाला. म्हटलं, मीही पंचवीस वर्षांत नाही केलं.

साडी खोचून उतरले. पहिल्या चार मुठी एकाच जागी पडल्या. कोणीतरी हसलं. मग बाबांचं मनगट आठवलं, आणि जरा बरं पडायला लागलं. मध्ये दोन पट्टे रिकामे राहिले ते राहिलेच. आत्या बांधावर पोतं अंथरून बसली होती.

निघताना अनिलने हाक मारली तर उठेना. “मी हितंच ऱ्हाते. पाखरं राखाया कोन हाय?”

अनिल डॉक्टर म्हणाला, खुबा म्हणाला, घरात एक तवा नाही म्हणाला. जना म्हणाली, तवा माझ्याकडे आहे आणि झोपायला मी येते. मी गाडीत जाऊन बसले. मुरबाडहून अपेक्षाने फोनवर मला सुनावलं, आत्याला काही झालं तर तू जबाबदार. हो, मीच.

२३ जून, रविवार

खाट परत नेली. हंडे परत नेले. देव परत नेले. घोंगडी टाकून दिली होती, ती नवी घ्यावी लागली. पंप मात्र भंगारवाल्याने नेला होता आणि आत्याला नेमका तोच हवा होता. काय फवारणार होती कोण जाणे. माझा हॉल रिकामा झाला. मी तिथे पाय पसरून बसले आणि मला मुळीच बरं वाटलं नाही.

३० जून, रविवार

रोपं आली आहेत. विरळ, पट्ट्यापट्ट्याने. तण मात्र कसं, गच्च. सगळ्यांच्या वाफ्यात हिरवीगार मऊ रोपं आणि आमच्या वाफ्यात जंगल. सकाळी आठपासून वाकून उपटत होते. मांड्या भरून आल्या, नखांत माती, पाठीवर पाऊस. आत्या छत्री धरून बांधावर. काठीने दाखवायची, हे घे, ते घे.

“ते रोप हाय.”

“हे तण आहे, आत्या. भातात वाढले आहे मी.”

“खारं भात तुझं. हितलं येगळं.” मग म्हणाली, “माजा राब असता तर यातली येक काडी उगवली नसती.”

मी उपटत राहिले.

“तू जाळलास.”

मी उभी राहिले. दीड महिन्यात ती पहिल्यांदा हे बोलली होती. तिच्या चेहऱ्यावर राग मी यापूर्वी पाहिलाच नव्हता.

“होय आत्या. मी जाळला.”

“झाडावनं पडले मी त्याच्यापायी.”

“माहीत आहे.”

“ठावं हाय, तर येवढे दिवस बोलली का नायस?”

तुम्हीही बोलला नाहीत, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. चिखलात उभी राहून रडले. हात इतके बरबटलेले की डोळे पुसता येईनात. आत्या उगी म्हणाली नाही. उठून आली नाही. माझं रडून होईपर्यंत तिने मला रडू दिलं, छत्री धरून बघत बसली.

मग काठी उचलून म्हणाली, “तो कोपरा ऱ्हायला.”

मी कोपऱ्याकडे गेले.